रोग कोणता आणि अशोक कोणता?

मध्यमवर्गीय मराठी घरांतील औषधांचें फडताळ उघडून पाहिलें, तर त्यांत अशोकारिष्टाची एखादी बाटली बहुधा सांपडतेच. सून बाळंत झाली कीं तिच्या शेजारीं दशमूलारिष्ट आणि बाळंतकाढा येऊन बसतात. ह्या बाटल्या कोणाच्या सांगण्यावरून आल्या व त्या घेणारीला नेमकें काय होत होतें, असें घरांतील कर्त्या पुरुषास विचारावें तर त्यास सांगतां येत नाहीं. आणि घरांतील स्त्रिया सहसा सांगत नाहींत. अलीकडे कांहीं घरांत ह्या फडताळांत आणखी एका देशाची भर पडली आहे. परदेशीं स्थायिक झालेल्या लेकीसुना येतांना दांग-ग्वेइ नांवाच्या चिनी मुळीच्या गोळ्या घेऊन येतात. चिनी बायका शेंकडों वर्षें हेंच औषध घेत आल्या, तेव्हां त्यांत अपाय तो कसला, असें त्यांचें म्हणणें असतें.

चिनी औषध चांगलें कीं आपलें, ह्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. दोन्ही देशांनीं स्त्रियांच्या दुखण्यांचा विचार फार प्राचीन काळापासून केला, आणि त्याचा अभिमान दोघांनींही बाळगावा असाच तो आहे. आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें तें इतकेंच कीं, बाटली चिनी असो वा देशी, तिचें बूच काढण्यापूर्वीं दोन प्रश्नांचीं उत्तरें घरांत मिळालीं पाहिजेत. रोग कोणता, हा पहिला प्रश्न. आणि बाटलींतील वनस्पति कोणती, हा दुसरा. हा क्रम आमच्या पदरचा नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत वैद्यानें प्रथम रोगाची परीक्षा करावी व मागाहून औषधाची, असा दंडक घालून दिलेला आहे. आमच्या घरांतून मात्र नेमका हाच क्रम उलटा झाला आहे, आणि त्याची किंमत स्त्रियांना मोजावी लागते.

चीन देशाची परंपरा

सातव्या शतकांत चीनमध्यें सुन सिम्याओ नांवाचा थोर वैद्य होऊन गेला. सुमारें ६५२ च्या सुमारास त्यानें रचलेल्या ग्रंथाच्या नांवाचा अर्थ 'सहस्र सुवर्णमुद्रांच्या मोलाचे योग' असा होतो. ह्या ग्रंथांत त्यानें स्त्रियांच्या रोगांचें प्रकरण अगदीं आरंभीं घातलें. गर्भधारण, प्रसूति आणि ऋतुस्राव यांमुळें स्त्रीचें दुखणें पुरुषाच्या दुखण्याहून अधिक गुंतागुंतीचें असतें, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार हवा, अशी त्याची भूमिका होती. पुढें १२३७ मध्यें चेन झिमिंग ह्या वैद्यानें केवळ स्त्रीरोगांवर एक सविस्तर ग्रंथ सिद्ध केला. मासिक पाळीचे विकार, वंध्यत्व, गर्भिणीचे रोग, प्रसूति आणि बाळंतपणानंतरचीं दुखणीं असा त्याचा विस्तार आहे. आमच्याकडे यादवांचें राज्य चालूं होतें, त्या काळची ही गोष्ट.

चिनी स्त्रीवैद्यकांत सर्वांत प्रसिद्ध असलेला योग म्हणजे 'चार वस्तूंचा काढा'. दांग-ग्वेइची मुळी, दी-ह्वांग नांवाचें कंद, पांढऱ्या पिओनीचें मूळ आणि छ्वान-श्युंग ह्या त्या चार वस्तु. स्त्रीच्या आरोग्याचें मूळ रक्तांत आहे. तें कमी पडलें किंवा अडून राहिलें म्हणजे रोग होतात, अशी त्यामागची कल्पना. बाराव्या शतकांत सुंग राजवटीच्या सरकारी औषधालयाच्या योगसंग्रहांत हा काढा आला, आणि आजहि चीन, तैवान व जपान येथें तो घेतला जातो.

ह्या चार वस्तूंपैकीं दांग-ग्वेइ व छ्वान-श्युंग ह्या दोन वनस्पति ज्या कुळांतील आहेत, त्याच कुळांत आमचे धने, जिरें, ओवा, बडीशेप आणि बाळंतशेपा येतात. मराठी घरांत बाळंतिणीला जेवणानंतर ओवा व बाळंतशेपा खावयास देण्याची जुनी चाल आहे. कोणीं कोणापासून घेतलें, असा तर्क यावरून काढण्याचें कारण नाहीं. परंतु दोन दूरच्या देशांतील स्त्रियांनीं बाळंतिणीसाठीं एकाच कुळांतील सुगंधी वनस्पति निवडाव्या, हें पाहून कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

आपली परंपरा

आमच्याकडे चरकाच्या चिकित्सास्थानाचा तिसावा अध्याय स्त्रीरोगांना वाहिलेला आहे. चरक आणि सुश्रुत ह्या दोघांनींहि योनिव्यापद् वीस मानल्या आहेत. म्हणजे 'बाईचें दुखणें' ह्या एका शब्दांत आम्ही जें गुंडाळून टाकतों, त्याचे त्यांनीं वीस भेद करून प्रत्येकाचीं लक्षणें निराळीं सांगितलीं. अति रक्तस्रावासाठीं चरकानें सांगितलेलें पुष्यानुग चूर्ण मध आणि तांदळाच्या धुवणाबरोबर आजहि वैद्य देतात. लोध्र ज्या गणाच्या अग्रभागीं आहे, त्या गणाला सुश्रुतानें योनिदोष घालविणारा म्हटलें आहे. काश्यपसंहिता ही स्त्रिया व बालकें यांच्या चिकित्सेची जुनी संहिता बहुतांशीं लुप्त झाली होती. नेपाळांत सांपडलेल्या खंडित पोथीवरून ती १९३८ मध्यें मुंबईस छापून निघाली. तींत शतपुष्पा आणि शतावरी यांच्यावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. शतपुष्पा म्हणजे आमच्या शेपा.

अशोकाची कथा मात्र थोडी निराळी आहे. चरकानें अशोकाची गणना वेदना शमविणाऱ्या दहा द्रव्यांत केली आहे. अति रक्तस्रावावर अशोकाच्या सालीचा दुधांत केलेला काढा हा मध्ययुगांतील संग्रहग्रंथांतून पुढें येतो, आणि ज्याला आज आपण अशोकारिष्ट म्हणतों, तें भैषज्यरत्नावली ह्या त्यामानानें अलीकडच्या ग्रंथांतील आहे. अशोकाच्या सालीचा काढा, गूळ, धायटीचीं फुलें व इतर द्रव्यें एकत्र करून तें आंबवितात. त्यामुळें त्यांत आपोआप थोडा मद्यांश उत्पन्न होतो. मधुमेह असलेल्या स्त्रीनें त्यांतील गूळ, आणि गर्भवतीनें त्यांतील मद्यांश, हीं दोन्ही लक्षांत ठेवलीं पाहिजेत. 'आयुर्वेदिक आहे, चालतें' एवढ्यावर भागत नाहीं.

अशोक कोणता?

आतां दुसरा प्रश्न आधीं घेऊं, कारण तो डोळ्यांनीं पाहतां येण्यासारखा आहे. हसनाबादेंत काय किंवा जालन्यांत काय, कोणाहि मुलास अशोकाचें झाड दाखव म्हटलें, तर तो शाळेच्या वा कचेरीच्या आवारांत कुंपणाशीं ओळीनें उभें असलेलें, उंच, निमुळतें, खालीं झुकलेल्या लांब पानांचें झाड दाखवील. तें झाड औषधी अशोक नव्हे. त्याचें कूळ सीताफळाचें. पान एकेकटें, लांब व कडेला लाटा असलेलें. फूल हिरवट पिवळें, चटकन् न दिसणारें. फळ लहान, पिकल्यावर जांभळट काळें. आम्ही त्याला कौतुकानें अशोक म्हणतों. जाणते लोक त्याला खोटा अशोक म्हणतात.

खरा अशोक, ज्याला सीता-अशोक म्हणतात, तो चिंचेच्या व आपट्याच्या कुळांतला. त्याचें पान संयुक्त, म्हणजे एका देठावर पर्णिकांच्या जोड्या असतात. कोंवळी पालवी तांबूस आणि लोंबती. फुलें नारिंगी-तांबडीं, घोसांनीं खोडालासुद्धां येणारीं. आणि फळ म्हणजे चपटी शेंग. कोंकण व सह्याद्रीच्या ओल्या रानांत तो आढळतो. आमच्या कोरड्या मराठवाड्यांत तो रानांत आपोआप येत नाहीं. कोणी हौसेनें लावला आणि पाणी घातलें तरच जगतो. सालीसाठीं बेसुमार तोड झाल्यामुळें जगांतील वन्य जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनें त्याची गणना धोक्यांत आलेल्या जातींत केली आहे. जी वस्तु दुर्मिळ आणि जिला मागणी अफाट, तिच्यांत भेसळ ठरलेलीच. बाजारांत अशोकसाल म्हणून ह्या खोट्या अशोकाची साल विकली जाते, हें वनस्पतिशास्त्रज्ञांनीं अनेकदां दाखवून दिलें आहे. वाळलेल्या सालीचा तुकडा हातांत घेऊन गृहिणीनें ती ओळखावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून सुटी साल बाजारांतून आणून घरीं काढा करणें हें आतां शहाणपणाचें राहिलें नाहीं.

नांवाच्या साम्यानें काय अनर्थ होतो, याचें दारुण उदाहरण बेल्जममध्यें घडलें. ब्रुसेल्स शहरांत वजन उतरविण्याच्या एका उपचारांत १९९० च्या सुमारास स्त्रियांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या देण्यांत येऊं लागल्या. त्यांत 'फांग-जी' नांवाची मुळी घालावयाची होती. परंतु चीनमध्यें फांग-जी ह्या नांवानें दोन अगदीं भिन्न वनस्पति विकल्या जातात, आणि एकीच्या जागीं दुसरी पडली. शंभराहून अधिक स्त्रियांचीं मूत्रपिंडें बिघडलीं. कित्येकींना कृत्रिम उपायांनीं रक्तशुद्धि करून घेण्याची, तर कित्येकींना दुसऱ्याचें मूत्रपिंड बसवून घेण्याची पाळी आली. १९९३ मध्यें ही हकीकत वैद्यकीय जगापुढें आली. पुढें ज्या ३९ रुग्णांचीं निकामी मूत्रपिंडें काढून तपासलीं, त्यांतल्या १८ जणींच्या मूत्रमार्गांत कर्करोग आढळला, असें २००० मध्यें प्रसिद्ध झालें. त्या स्त्रियांपैकीं कोणीहि विष मागितलें नव्हतें.

ही घातक वनस्पति ज्या गणांतील आहे, त्याचें शास्त्रीय नांव ॲरिस्टोलोकिया. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'बाळंतपणास उत्तम' असा आहे. यूरोपांत प्राचीन काळापासून ती प्रसूतीसाठीं व वार पडण्यासाठीं देत असत. आमच्या देशांतहि ह्याच गणांतील एक वेल आहे. मराठींत तिला सापसंद, तर कोठें ईश्वरी म्हणतात. सापाच्या विषावर म्हणून ती प्रसिद्ध आहेच, पण अडलेली पाळी आणण्यासाठींहि जाणत्या बायका ती देत आल्या. तिच्यांतहि तेंच विषारी अम्ल आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेनें २००२ मध्येंच ह्या गणांतील वनस्पति असलेल्या औषधांस मनुष्यांत निश्चितपणें कर्करोग उत्पन्न करणारीं ठरविलें. दोन हजार वर्षांची ख्याति असलेलें औषध वीसपंचवीस वर्षांनीं जीव घेऊं शकतें, आणि घेणारीस वा देणारीस त्याचा संबंध कधींहि कळत नाहीं. 'आमच्या आजीपासून चालत आलें आहे' ह्या पुराव्याची मर्यादा येथें दिसून येते.

गुण किती सिद्ध झाला?

मग ह्या वनस्पतींत गुणच नाहीं काय? तसें म्हणणेंहि खरेपणाचें होणार नाहीं. हिवतापावर आज जगभर दिलें जाणारें आर्टेमिसिनिन हें औषध चिनी वनस्पतींतूनच निघालें. चवथ्या शतकांतील गे हुंग ह्या वैद्याच्या ग्रंथांत छिंग-हाव नांवाच्या वनस्पतीचा रस थंड पाण्यांत पिळून काढण्यास सांगितलें होतें, तें वाचून तू यूयू ह्या विदुषीला उकळण्याची रीति सोडून देण्याची बुद्धि झाली. छिंग-हाव ह्या एका नांवाखालीं मोडणाऱ्या निरनिराळ्या जातींतून गुणकारी जात कोणती, हेंहि शोधून काढावें लागलें. ह्या कार्याबद्दल २०१५ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. जुन्या ग्रंथाचा असा आदर करावा, असें आम्हांस वाटतें; ग्रंथानें वाट दाखवावी आणि परीक्षेनें ती पार पाडावी.

स्त्रीरोगांच्या औषधांची अशी परीक्षा अजून पुरती झालेली नाहीं. पाळीच्या वेळीं होणाऱ्या वेदनांवर चिनी वनस्पतींचे ३९ प्रयोग आणि त्यांतील ३,४७५ स्त्रिया यांचा एकत्र विचार २००८ मध्यें झाला. फळ आशादायक दिसलें, पण प्रयोगच इतके सैल होते कीं निश्चित निर्णय देतां आला नाहीं. पाळी बंद होण्याच्या वयांतील अंगाच्या आगीवर एकटी दांग-ग्वेइ देऊन अमेरिकेंत ७१ स्त्रियांवर २४ आठवडे प्रयोग केला, त्याचें फळ १९९७ मध्यें प्रसिद्ध झालें. औषधाच्या व नुसत्या पोकळ गोळीच्या परिणामांत फरक आढळला नाहीं. चिनी वैद्य म्हणाले कीं, आम्ही ती एकटी कधींच देत नाहीं. आणि हा आक्षेपहि विचार करण्यासारखा आहे. इतकें मात्र ठाऊक झालें आहे कीं, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीनें दांग-ग्वेइ घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयाची झडप बदललेल्या आत्याबाईंना भाचीनें प्रेमानें ही बाटली भेट द्यावी, असे प्रकार होऊं नयेत. अशोकाविषयींहि मोठे व कसोशीचे प्रयोग थोडेच झाले आहेत. तो निरुपयोगी ठरला असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्याची परीक्षा व्हावयाची आहे, त्याच्या भरंवशावर गंभीर रोग महिनोन्‌महिने सोंपवून ठेवूं नये, एवढा अर्थ खास आहे.

रोग कोणता?

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. अंगावरून फार जाणें हा रोग नव्हे, तें लक्षण आहे. त्यामागें गर्भपिशवींतील गांठी असतील, कंठग्रंथीचा म्हणजे थायरॉइडचा विकार असेल, बीजकोशाचें कार्य बिघडलें असेल, गर्भ राहून पडत असेल किंवा क्वचित् कर्करोगहि असेल. पांढरें जाण्याचेंहि तसेंच. कांहीं प्रमाणांत तें निसर्गतःच असतें व त्यास औषध नको. जेथें जंतूंची बाधा आहे तेथें जंतु कोणते यावर उपाय ठरतो, आणि कित्येकदां पतीलाहि बरोबरीनें औषध घ्यावें लागतें. एरवीं पत्नी बरी होते आणि पुन्हां आजारी पडते. ह्या सर्वांवर एकच बाटली, ही कल्पना वीस भेद करणाऱ्या चरकास मान्य झाली नसती.

हें दुखणें किती पसरलेलें आहे, याची पहिली जाणीव जगाला आपल्याच महाराष्ट्रानें करून दिली. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व ती १९८९ मध्यें 'लॅन्सेट' ह्या विख्यात नियतकालिकांत प्रसिद्ध केली. शेंकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. सरासरीनें एकेकीस साडेतीनहून अधिक. आणि त्यांच्यापैकीं केवळ शेंकडा ८ स्त्रियांची अशी तपासणी पूर्वीं कधीं तरी झाली होती. त्या स्त्रिया अडाणी व गरीब होत्या, आमच्या घरांत तसें नाहीं, असें वाचकांनीं समजूं नये. आपल्या घरांत शिक्षण आलें, पण ह्या एका विषयापुरता संकोच तसाच आहे.

पूर्वीं कावळा शिवला म्हणजे घरांतील बाई बाजूला बसे. ती रूढि जाचक होती आणि ती गेली हें योग्यच झालें. परंतु तिच्यामुळें एक गोष्ट आपोआप घडत असे. कोणाची पाळी कधीं आली, किती दिवस राहिली, चुकली कीं लवकर आली, हें घरांतील वडील बायकांना न विचारतां कळे. आतां सून सकाळीं डबा घेऊन कामावर जाते, आणि तिचे दिवस मोजणारें कोणी राहिलें नाहीं. रूढीबरोबर संकोचहि जावयास हवा होता, तो मात्र राहिला. सासूबाई म्हणतात, तिनें सांगावें. सून म्हणते, त्यांनीं विचारावें. आणि मुलास तर हें आपलें कामच नव्हे असें वाटतें. मधल्यामध्यें अशोकारिष्टाच्या बाटल्या रिकाम्या होत जातात, बाई पांढरीफटक पडते, जिना चढतांना तिला धांप लागते, आणि घरांतील मंडळी म्हणतात कीं हल्लीच्या मुलींत दमच नाहीं. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. ह्या आंकड्यांत आपल्याहि लेकीसुना आहेत.

हाच संकोच ओळखून आनंदीबाई जोशी १८८३ मध्यें अमेरिकेस गेल्या. स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढें आपलें दुखणें उघड करीत नाहींत, म्हणून ह्या देशांत स्त्री-डॉक्टर हव्यात, असें त्यांनीं निघण्यापूर्वीं जाहीर सभेंत सांगितलें होतें. १८८६ मध्यें त्यांनीं पदवी मिळविली, ती प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. जुनें आणि नवें यांत वैर नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण मराठी घरांस कोणतें द्यावें? १८८७ मध्यें वयाची बावीस वर्षेंहि पुरीं होण्याआधीं त्या पुण्यास वारल्या. आज तालुक्याच्या गांवीं स्त्री-डॉक्टर मिळतात; आमच्या भागांत तर सरकारी दवाखान्यांतून आयुर्वेदाची पदवी घेतलेले डॉक्टरहि आहेत. ज्या सोयीसाठीं आनंदीबाईंनीं सातासमुद्रापलीकडे जाऊन आयुष्य वेंचलें, ती दाराशीं आली असतां आपण तिचा उपयोग करीत नाहीं.

दुसरें टोंक

बाटलीवर भिस्त ठेवणें हें एक टोंक, तर दुसरें टोंक त्याहून भयंकर आहे. आमच्या जालन्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें दरवर्षीं ऊसतोडीला जातात. तेथील स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणांत काढल्या गेल्याची ओरड झाली, तेव्हां २०१९ मध्यें शासनानें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. देशभरच्या पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हें प्रमाण शेंकडा सुमारें तीन आहे. पांढरें जाणें, कंबर दुखणें, पाळीच्या दिवसांत मजुरी बुडणें आणि 'पिशवी ठेवली तर कर्करोग होईल' ही भीति, एवढ्या कारणांवरून तरण्याताठ्या बायकांनीं हें करून घेतलें. त्याबरोबर बीजकोशहि काढले गेले तर पाळी एकदम बंद होऊन हाडें लवकर ठिसूळ होतात. कांहीं रोगांत ही शस्त्रक्रिया जीव वांचविते, हें आम्ही जाणतों. परंतु रोग न ओळखतां पिशवी काढणें आणि रोग न ओळखतां बाटली देणें, ह्या दोहोंच्या मुळाशीं चूक एकच आहे.

ह्याच मराठवाड्यांत तिसरा मार्गहि दाखविला गेला. ज्या जिल्ह्यास तेव्हां उस्मानाबाद म्हणत व आतां धाराशिव म्हणतात, तेथें मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय यांनीं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना घेऊन एक मोठें संशोधन केलें. गर्भपिशवीच्या मुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळें होतो, त्याची तपासणी एका गटांत आयुष्यांत केवळ एकदां करण्यांत आली, आणि जिला गरज होती तिच्यावर वेळींच उपचार झाले. पुढील आठ वर्षांत त्या गटांत ह्या रोगानें मरणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आलें. २००९ मध्यें हें फळ प्रसिद्ध झालें आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो. गर्भपिशवी जागेवर ठेवून, एका तपासणीनें हें साधलें. आणि तें साधलें आमच्याच मातींतील खेडवळ आयाबहिणींच्या सहकार्यानें.

घरानें काय करावें?

तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांनीं कांहीं साध्या गोष्टी अंगीं बाणवाव्या. प्रत्येक स्त्रीनें पाळीची तारीख व दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावे. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. स्राव सात दिवसांहून अधिक चालतो, गांठी पडतात किंवा दर तासादोन तासांनीं कपडा बदलावा लागतो, असें झाल्यास रक्ताची व सोनोग्राफीची तपासणी करून घ्यावी. पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर थोडाहि डाग दिसला, किंवा पतिसमागमानंतर रक्त दिसलें, तर त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जावें. तेथें अशोकहि नको आणि उशीरहि नको. गरोदरपणांतील रक्तस्रावास घरगुती काढा कधींहि देऊं नये. तिशीनंतर प्रत्येकीनें गर्भपिशवीच्या मुखाची तपासणी करून घ्यावी. अनेक सरकारी दवाखान्यांतून ती होते.

रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आशाताईंकडून विनामूल्य मिळतात, त्या पुऱ्या घ्याव्या. अळिवाची खीर, पालेभाजी व डाळी चालूं ठेवाव्या, आणि जेवणावर लगेच चहा घेण्याची संवय सोडावी, कारण त्यानें अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं. बाळंतिणीचे डिंकाचे व मेथीचे लाडू, ओवा, शेपा हीं मायेचीं अन्नें आहेत. तीं कोणी बंद करण्याचें कारण नाहीं. वनौषधि घ्यावयाचीच असेल तर ती पदवीधर वैद्याच्या सल्ल्यानें, नामांकित व नोंदणी असलेल्या कारखान्याची, आणि आधीं निदान झाल्यावर घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांपासून ती लपवूं नये. चिनी गोळ्यांच्या वेष्टनावर वनस्पतीचें शास्त्रीय नांव नसेल, तर त्या तशाच बाजूला ठेवाव्या. सापसंद, मग ती कोणत्याहि नांवानें येवो, पोटांत घेऊं नये.

आणि कोणी गर्भपिशवी काढण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतल्यावांचून संमति देऊं नये. ह्या भेटीच्या वेळीं सुनेबरोबर सासूबाईंनीं जावें, आणि मुलानेंहि जावें. डॉक्टरांनीं काय सांगितलें हें तिघांनीं मिळून ऐकलें, म्हणजे घरीं आल्यावर पुन्हां कुजबुजण्याची पाळी येत नाहीं. ज्यांच्या अंगणांत जागा व विहिरीला पाणी आहे, त्यांनीं एखादा सीता-अशोक लावावा. त्याची साल काढूं नये. त्याला वसंतांत येणारीं तांबडीं फुलें नातींना दाखवावीं आणि शाळेच्या कुंपणावरचा अशोक व हा अशोक यांतील फरक त्यांना समजावून सांगावा.